क्रोन्सच्या आजारात औषध बदलताना: मेसालामाइन थांबवून अझाथायोप्रिनकडे जावे का?

केळीबाग (यावल तालुका)

नमस्कार. माझे वय ३६ असून घरची केळीची बाग आहे. सहा वर्षांपूर्वी मला लहान आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात क्रोन्सचा आजार (आतड्याला पुन्हा पुन्हा सूज व व्रण येणारा, दीर्घकाळ चालणारा आजार) असल्याचे निदान झाले. त्याआधीचे वर्ष निदानातच गेले, कारण लहान आणि मोठे आतडे जेथे मिळते तेथे व्रण दिसला की आपल्या देशात पहिला संशय क्षयाचा घ्यावा लागतो. मला क्षयाची औषधे पूर्ण सहा महिने दिली गेली. वजन वाढले नाही, आणि पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा व्रण होते तसेच होते. तेव्हापासून मी आतड्याची सूज उतरवणारे मेसालामाइन रोज चार ग्रॅम घेत आहे.

या सहा वर्षांत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स चार वेळा झाला, त्यातले दोन गेल्या चौदा महिन्यांत. दर वेळी आठवड्याभरात कळ थांबते, भूक लागते, मी पुन्हा बागेत जाऊ लागतो. आणि गोळी कमी करत करत दहा मिलिग्रॅमवर आली की बेंबीच्या उजवीकडे खाली तीच पीळ पडल्यासारखी कळ सुरू होते. मागच्या महिन्यात कापणीच्या दिवशी घड वाहून नेणारी माणसे बांधावर थांबली होती आणि मी झोपडीत पोट धरून पडलो होतो. वजन ५४ किलोवर आले आहे.

आता ज्या पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊ लागलो त्यांचे म्हणणे असे की मेसालामाइन थांबवावे, प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारे अझाथायोप्रिन सुरू करावे, आणि त्यानेही आतड्याची सूज आटोक्यात आली नाही तर अडालिमुमॅबच्या इंजेक्शनांचा विचार करावा. घरी मात्र विरोध आहे. आई म्हणते की जे औषध सोसले आहे ते सोडून नवे कशाला घ्यायचे. अझाथायोप्रिनच्या पाकिटातले पत्रक पत्नीने वाचले, त्यात कर्करोगाचा उल्लेख आहे, आणि तेव्हापासून तिला झोप नाही. ज्यांनी असा बदल केला आहे त्यांनी तो प्रत्यक्षात कसा पार पडला, जुने औषध केव्हा सुटले आणि नवे केव्हा लागू पडले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

पांझरा (धुळे)

केळीबाग दादा, मी अकरा वर्षे याच आजारासोबत आहे आणि त्यातली पहिली चार आपल्याच वाटेने गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मेसालामाइन वाईट औषध नाही, परंतु ते ज्या आजाराचे आहे तो आपला नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती असते आणि मेसालामाइन त्या अस्तरावर वरून लेप लावल्यासारखे काम करते. क्रोन्समध्ये सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते. म्हणूनच या आजारात आतडे जागोजागी अरुंद होते, भगंदर होते, गळू होतात. वरच्या लेपाने एवढ्या खोलवरची सूज शमत नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मध्यम व तीव्र क्रोन्ससाठी हे औषध वापरू नये असेच सुचवले आहे. तरीही ते वर्षानुवर्षे चालू राहते, कारण त्याचा त्रास कमी होतो आणि 'औषध चालू आहे' असे समाधान रुग्णालाही मिळते. आपल्या आईंना एवढेच सांगावे की हे औषध सोसले आहे हे खरे, पण ते लागू पडलेले नाही. सहा वर्षांत चार वेळा स्टेरॉइड लागले, हा त्याचा पुरावा आहे.

आता बदलाविषयी. यात सर्वांत जास्त चूक होते ती दोन औषधांच्या मधल्या काळात. अझाथायोप्रिन आज सुरू केले म्हणजे उद्या गुण येत नाही. त्याला दोन ते तीन महिने, काहींना त्याहूनही अधिक लागतात. तोवर सूज धरून ठेवण्यासाठी स्टेरॉइडचा आधार द्यावा लागतो आणि नव्या औषधाचा जोर चढत जाईल तसतसा तो आधार काढून घ्यावा लागतो. माझ्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला पाचने कमी करण्याचा तक्ताच लिहून दिला होता आणि तो मी देवघराच्या दारावर चिकटवला होता.

तरीही मी घोळ केला. वीस मिलिग्रॅमवर असताना आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, बहिणी माहेरी आल्या होत्या, घर भरलेले होते, मला अगदी बरे वाटत होते आणि चेहरा सुजून गोल झाल्याची लाज वाटत होती. म्हणून मी गोळी एकदम बंद केली. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्याशी कोसळलो. उलट्या, रक्तदाब उतरलेला, अंगात त्राण नाही. त्या दिवशी कळले की बाहेरून स्टेरॉइड मिळत असले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपले स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवतात, आणि त्यांना पुन्हा कामाला लागायला वेळ द्यावा लागतो. दादा, कितीही बरे वाटले तरी तक्ता मोडू नका.

औषधपेढी (अमळनेर)

माझे मेडिकल आहे. या धाग्याच्या निमित्ताने एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, कारण ती मी काउंटरवर रोज पाहतो. आपल्या बोलण्यात 'सुजेची गोळी' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या औषधांसाठी वापरला जातो. मेसालामाइन, बुडेसोनाइड, प्रेडनिसोलोन ही आतड्याची सूज उतरवण्यासाठी दिली जातात. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही गुडघा, कंबर, दाढ यांची सूज व दुखणे कमी करणारी औषधे आहेत. ही दुसऱ्या प्रकारची औषधे आतड्याच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात, त्यांच्यामुळे धडधाकट माणसाच्याही लहान आतड्यात व्रण होऊ शकतात, आणि क्रोन्सच्या रुग्णाचा शांत झालेला आजार त्यांच्यामुळे पुन्हा उसळू शकतो.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. क्रोन्सची औषधे तो जळगावहून आणत असे. कापूस वेचणीच्या दिवसांत पाठ धरली म्हणून त्याने गावातच 'सुजेची गोळी' मागितली, ती त्याला मिळाली, आणि त्याने बारा दिवस ती घेतली, कारण त्याची समजूत अशी की पोटाचीही सूज उतरेल. तो माझ्यासमोर उभा राहून रिकामे पाकीट दाखवत होता आणि त्याच्या शौचातून रक्त जात होते. क्रोन्सच्या रुग्णाला ताप किंवा अंगदुखीसाठी पहिली निवड पॅरासिटामॉलची असते. सांधेच सुजले असतील तर तो बहुधा त्याच आजाराचा भाग असतो आणि ते पोटाच्या डॉक्टरांना सांगायला हवे.

आपण अझाथायोप्रिन सुरू करणार असाल तर आणखी एक. युरिक ॲसिड वाढल्यावर दिले जाणारे अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट या औषधांबरोबर अझाथायोप्रिनचा नेहमीचा डोस घेतला तर ते शरीरात साचते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. पायाचा अंगठा दुखला म्हणून कोणी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि आपले औषध सांगितले नाही, तर एवढेही पुरते. पैशांच्या पाकिटात चिठ्ठी ठेवा, त्यावर औषधाचे नाव आणि डोस असू द्या.

सातपुडा पायथा (मूळ गाव शहादा, सध्या नाशिक)

मी डॉक्टर आहे. आपल्याला तपासलेले नसल्यामुळे डोस सांगणार नाही, पण निर्णयापूर्वी काय काय पाहिले जावे ते लिहितो.

सर्वांत आधी, होत असलेला त्रास सुजेचाच आहे याची खात्री हवी. क्रोन्सच्या रुग्णाला कळ आणि जुलाब इतर कारणांनीही होतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग पित्तक्षार शोषून घेतो. तो भाग खराब झाला की ते क्षार मोठ्या आतड्यात उतरून पाण्यासारखे जुलाब होतात, आणि त्याचे औषध निराळे असते. जुन्या सुजेने आतडे आकसून अरुंद झाले असेल तर जेवणानंतर पीळ पडतो, आणि त्या आकसलेल्या, तंतुमय झालेल्या भागावर कोणतेही सूज उतरवणारे औषध काम करत नाही. म्हणून शौचातील कॅल्प्रोटेक्टिन, रक्तातील सीआरपी (ही दोन्ही सूज असली की वाढणारी प्रथिने) आणि गरजेप्रमाणे आतड्याचा सीटी किंवा एमआरआय पाहूनच औषध बदलावे. कॅल्प्रोटेक्टिन ५० च्या खाली असले तर सूज बहुधा नाही, २५० च्या वर असले तर सूज असण्याची शक्यता बरीच आहे. मधले आकडे पुन्हा तपासावे लागतात. बरे वाटणे आणि सूज जाणे या दोन गोष्टी या आजारात नेहमी सोबत चालत नाहीत, आणि आपल्या चार कोर्सचे गमक तेथेच असू शकते: प्रेडनिसोलोन कळ थांबवते, पण व्रण भरून आणण्याच्या बाबतीत ते फार कमी पडते.

दुसरे, अझाथायोप्रिनच्या पहिल्या गोळीपूर्वी एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी या जनुकांची तपासणी करता आली तर जरूर करावी. हे औषध शरीरात कसे मोडले जाते ते त्यावर ठरते. युरोपीय लोकांत टीपीएमटीचा दोष महत्त्वाचा ठरतो, तर आशियाई लोकांत, भारतीयांतही, एनयूडीटी१५ चा दोष अधिक महत्त्वाचा आहे. तो असलेल्या माणसाचे केस काही आठवड्यांत पुंजक्यांनी गळू लागतात आणि पाठोपाठ रक्तातील पांढऱ्या पेशी खाली येतात. तपासणीचा निकाल चांगला आला तरी रक्ताची मोजणी चुकवता येत नाही: पहिल्या महिन्यात वारंवार, पुढे डोस स्थिर झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी. पहिल्या काही आठवड्यांत पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी जबर वेदना झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे, कारण काही रुग्णांत या औषधाने स्वादुपिंडाला सूज येते.

आपल्या पत्नींच्या काळजीविषयी. भीती निराधार नाही, परंतु तिचे माप समजून घ्यावे. फ्रान्समधील १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत, जी २००९ साली प्रसिद्ध झाली, अझाथायोप्रिनच्या गटातील औषधे चालू असलेल्यांत लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे प्रमाण वर्षाला दर दहा हजारांमागे ९ होते आणि ती कधीच न घेतलेल्यांत ३ च्या आत. म्हणजे धोका वाढतो, तिपटीहून अधिक होतो, आणि तरीही दहा हजारांतील ९,९९१ जणांना त्या वर्षात तो आजार होत नाही. त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आटोक्यात न आलेला क्रोन्स, आतडे कापण्याची शस्त्रक्रिया आणि वारंवार घेतलेल्या स्टेरॉइडने ठिसूळ झालेली हाडे आहेत. हे आकडे त्यांना दाखवावे. नुसते 'काही होत नाही' असे म्हणू नये.

आधारासाठी प्रेडनिसोलोनऐवजी बुडेसोनाइड हे दुसरे स्टेरॉइड चालेल का, हेही आपल्या डॉक्टरांना विचारावे. आजार आतड्याच्या शेवटच्या भागात आणि सौम्य ते मध्यम असेल तर ते रोज नऊ मिलिग्रॅम दिले जाते. त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग यकृतातच मोडला जातो, त्यामुळे अंगभर होणारे परिणाम बरेच कमी असतात.

अंगणातली तुळस (पाचोरा)

मी रुग्ण नाही, रुग्णाची पत्नी आहे, म्हणून केळीबाग दादांच्या घरातून लिहिल्यासारखे लिहिते. आमच्याकडे पहिली दोन वर्षे सगळा दोष जेवणाला दिला गेला. भरीत बंद, ठेचा बंद, शेवभाजी बंद, कळण्याची भाकरी बंद. शेवटी ते भात आणि मुगाच्या पाण्यावर आले आणि दहा किलोने वाळले, पण कॅल्प्रोटेक्टिन तसूभरही हलले नाही. आजार उसळलेला असताना तिखट आणि चोथ्याचे पदार्थ सोसत नाहीत हे खरे आहे. मात्र ते टाळल्याने सूज उतरत नाही, हे समजायला आम्हाला फार वेळ लागला. त्यांची बिडी सुटली त्याचा उपयोग मात्र नक्की झाला, कारण धूम्रपानाने हा आजार बळावतो असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावले होते.

दादांना मूल हवे असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे. आम्हाला सल्फासॅलाझिन या मेसालामाइनच्याच गटातील औषधाने शुक्राणूंची संख्या घटल्याचे उशिरा कळले. औषध बदलल्यावर काही महिन्यांत ती भरून आली आणि आज आमची मुलगी बालवाडीत जाते.

तापीकाठ (भुसावळ)

मी अझाथायोप्रिनवर तीन वर्षे राहिलो, मग इन्फ्लिक्सिमॅब, आणि गेल्या दीड वर्षापासून अडालिमुमॅब. पुढची पायरी कशी असते ते लिहितो, म्हणजे तिची धास्ती राहणार नाही.

इंजेक्शनांपूर्वी क्षयाची तपासणी पुन्हा होईल. आपल्या शरीरात लपून असलेले क्षयाचे जंतू गाठींमध्ये कोंडलेले असतात आणि ती कोंडी टिकवण्यात टीएनएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. ही इंजेक्शने त्याच प्रथिनाला रोखतात, त्यामुळे जुना क्षय जागा होऊ शकतो. आपण पूर्वी क्षयाची औषधे घेतली आहेत हे डॉक्टरांना कागदपत्रांसह दाखवावे. माझी छातीची तपासणी, त्वचेची आणि रक्ताची चाचणी, तसेच काविळीच्या बी प्रकाराची तपासणी झाली, आणि लशीही आधीच घेतल्या.

इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून मिळे: पहिले, मग दोन आठवड्यांनी, सहाव्या आठवड्यात, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. दुसऱ्या वर्षी सातव्या आठवड्यातच कळ सुरू होऊ लागली. येथे लगेच औषध बदलले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. आधी रक्तातील औषधाची पातळी पाहिली. पातळी कमी असून शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली नसतील तर डोस वाढवून किंवा अंतर कमी करून निभावते. प्रतिपिंडे असतील तर त्याच गटातील दुसरे औषध देता येते. आणि पातळी चांगली असूनही सूज असेल तर उस्टेकिनुमॅब किंवा वेडोलिझुमॅबसारख्या वेगळ्या मार्गाने काम करणाऱ्या औषधाकडे जावे लागते. माझ्यात प्रतिपिंडे सापडली, म्हणून अडालिमुमॅब आले. त्याचे जगातले पहिले बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखेच दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध) डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या देशातच बाजारात आले, आणि मी जे घेतो तेही बायोसिमिलरच आहे.

आता आपल्या भागातली खरी अडचण. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते, आणि भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. मी जाड कापडाची, आतून चंदेरी अस्तराची पिशवी घेतली आहे. त्यात गोठवलेल्या जेलच्या दोन थैल्या, त्यावर टॉवेलची घडी आणि मग खोका. जेलला खोका चिकटू द्यायचा नाही. पहिल्या उन्हाळ्यात वीज जाईल या भीतीने मी खोका फ्रीजरच्या कप्प्याला टेकवून ठेवला आणि सकाळी आतला द्रव गोठलेला होता. एकदा गोठले की ते वितळवून वापरता येत नाही, आणि माझे ते संपूर्ण इंजेक्शन वाया गेले. तेव्हापासून मधल्या फळीवर, भिंतीपासून लांब, शेजारी एक साधा तापमापक.

केळीबाग (यावल तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. पांझरा दादांचा आखाजीचा प्रसंग मी आईला वाचून दाखवला आणि डॉक्टरांचे आकडे पत्नीने स्वतः दोनदा वाचले. तिने एकच प्रश्न विचारला: न घेणाऱ्यांतही तिघांना होतो का? होतो, असे मी म्हणालो. त्यानंतर ती पुढच्या भेटीला माझ्यासोबत आली. कॅल्प्रोटेक्टिन ८४० आले आहे, आणि सीटीमध्ये आतडे सुजलेले आहे, आकसलेले नाही. एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी दोन्ही ठीक आहेत. येत्या सोमवारी पहिली गोळी.

केळीबाग (यावल तालुका), साडेचार महिन्यांनंतर

ज्यांनी एवढे लिहिले त्यांना हकीगत कळवणे माझे कर्तव्य आहे.

अझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅमने सुरू झाले, तीन आठवड्यांनी १०० झाले. पहिले दहा दिवस सकाळी मळमळ होई. गोळी रात्री जेवणानंतर घेऊ लागल्यावर ती थांबली. मेसालामाइन त्याच दिवशी बंद झाले नाही, महिनाभराने झाले. डॉक्टरांनी सांगितले की ते सोबत असेल तर अझाथायोप्रिनचा रक्तातील अंश वाढून पेशी अधिक उतरू शकतात, म्हणून त्या महिन्यात रक्ततपासणी दर आठवड्याला केली. पांढऱ्या पेशी एकदा ३,६०० वर आल्या, पुन्हा तपासल्या तेव्हा ४,३०० होत्या. आधाराला बुडेसोनाइड दिले होते. आठ आठवडे नऊ मिलिग्रॅम, मग सहा, मग तीन, आणि आता दीड महिन्यापासून स्टेरॉइडचा एक कणही पोटात नाही. स्टेरॉइड सुटल्यावरही बरे वाटते आहे, असा काळ गेल्या सहा वर्षांत आलाच नव्हता. वजन ५९ किलो आहे. औषधपेढी दादा, चिठ्ठी पाकिटात आहे, आणि गुडघा दुखला तेव्हा मी पॅरासिटामॉलच मागितले.

कॅल्प्रोटेक्टिन ८४० वरून ३१० वर आले आहे. बरे वाटते, तरी ३१० म्हणजे सूज पुरती गेलेली नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि दुर्बीण होईल, आणि व्रण शिल्लक असले तर अझाथायोप्रिन चालू ठेवून अडालिमुमॅब जोडायचे ठरले आहे. ते ऐन एप्रिलमध्ये येईल, आणि आमच्या शिवारात दुपारची वीज भरवशाची नसते. तापीकाठ दादा, ती चंदेरी अस्तराची पिशवी आपण कोठून घेतली आणि जेलच्या थैल्या किती तास टिकतात, ते कृपया कळवावे.